बांधापलीकडचा एक दिवस

आप्पा, तुमच्या दहाव्याला कावळा शिवेना, तेव्हा सगळ्यांत जास्त घाम मला फुटला होता.

नदीकाठी सगळं नीट मांडलं होतं. कासुर्डीच्या जावयांनी पिंड ठेवला, हात जोडले, आणि म्हणाले, "मामा, मामींना मी अंतर देणार न्हाई." कावळे समोरच्या बाभळीवर बसून होते, पण एक हलेल तर शपथ. थोरली लेक म्हणाली, शेळ्या विकणार नाही. तरी नाही. मग शेजारचा किसन पुढे झाला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "आप्पा, फवारणीचा पंप मीच नेलाय. उद्या आनून देतो." सगळी माणसं पिंडाकडे पाहायची सोडून किसनकडे पाहायला लागली, कारण त्या पंपापायी तुम्ही दोन वर्षं अख्ख्या गावावर संशय घेतला होता. एक कावळा फांदीवरून खालच्या फांदीवर आला. तेवढाच.

आणि मग, आप्पा, एकेक करून सगळे माझ्याकडे बघायला लागले. दौंडहून आलेल्या, छत्री घेतलेल्या, जमिनीच्या मालकिणीकडे. तुमचा जीव कशात अडकलाय ते तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मी तोंड उघडणार, इतक्यात माझा चुलतभाऊ सुदामदादा कानाशी आला आणि म्हणाला, "शालन, काय बोलू नको. लई साक्षीदार हायेत."

मी उघडलेलं तोंड मिटलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला लावला. एकोणीस वर्षं माझं शेत करणाऱ्या माणसाची बोळवण मी गवताच्या कावळ्यावर केली. बसमध्ये बसल्यावर मला स्वतःची इतकी चीड आली की कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून भांडले. सुट्टे माझ्याकडे होते.

तुम्ही असता तर म्हणाला असतात, "बाई, राग एकावर आन् काढता दुसऱ्यावर." आपली पहिली ओळख रागावरूनच झाली होती की. वडील गेले आणि कवठे येमाईची पाच एकर माझ्या नावावर आली, तेव्हा मी दौंडला शाळेत गणित शिकवत होते. शेत म्हणजे लांबी गुणिले रुंदी, एवढंच मला माहीत. सुदामदादा जमीन "सांभाळायला" तयार होता, पण त्यानं सांभाळलेली वस्तू परत आल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं. मग कुणीतरी तुमचं नाव सांगितलं, आणि एका रविवारी तुम्ही खांद्यावर घोंगडी टाकून आमच्या दारात उभे राहिलात. मी तुम्हाला प्रश्न विचारायचे म्हणून वहीत लिहून ठेवले होते. तुम्ही मला बोलूच दिलं नाहीत.

"बाई, तुमाला राग येतो का?"

"येतो," मी म्हणाले. तेव्हाही आलाच होता.

"मंग जमंल. ज्याला राग येत न्हाई त्याच्यासंगं येव्हार करू न्हाई. आत काय शिजतंय ते कळत न्हाई."

निम्म्या वाट्यानं ठरलं. बी-खत दोघांचं, कष्ट तुमचे, जमीन माझी. तुम्ही दोन कप चहा प्यायलात, माझ्या चहात साखर कमी असते असं तोंडावर सांगितलंत आणि गेलात. पुढच्या पाडव्यापासून, म्हणजे मराठी वर्षाच्या पहिल्या दिवसापासून, तुम्ही आणि ठकूवहिनी माझ्या शेतात पत्र्याचं छप्पर टाकून राहायला लागलात.

पहिल्याच कांद्याला आपलं वाजलं. सुदामदादानं मला फोनवर सांगितलं, "वाटेकरी मोठा कांदा आपल्याकडं ओढत्यात, आन् गोल्टी मालकाला घालत्यात." गोल्टी म्हणजे लिंबाएवढा बारका कांदा, हे मला त्याच दिवशी कळलं आणि त्याच दिवशी मी तुम्हाला चोर ठरवून मोकळी झाले. उन्हाळ्याची सुट्टी होती. मी थेट शेतात येऊन उभी राहिले आणि म्हणाले, वाटे माझ्यासमोर व्हायला हवेत.

तुम्ही रागावला नाहीत. बांधावर बसलात, तंबाखू मळलीत. "बाई, आमच्यात एक रीत हाय. मेंढरं वाटायची आसली की एकानं दोन कळप पाडायचे आन् दुसऱ्यानं उचलायचा. जो वाटे करतो त्यानं उचलायचं न्हाई. तुमी ढीग करा. मी उचलतो."

मला वाटलं, गणिताच्या बाईला कांद्याचे दोन ढीग सांगताय, बघाच आता. डोक्यावर टॉवेल घेऊन सकाळी सुरुवात केली. मोठे वेगळे, मधले वेगळे, गोल्टी वेगळी. ठकूवहिनी दोनदा भाकरी घेऊन आल्या आणि दोनदा तोंडाला पदर लावून परत गेल्या. दुपार टळली तेव्हा ढीग तयार होते. आता एवढ्या वर्षांनी कबूल करते, आप्पा, मी त्यात लबाडी केली होती. एका ढिगाला वरून मोठे, लालभडक कांदे लावले आणि पोटात गोल्टी भरली. दुसऱ्याला वरून बारके, मातीचे, आणि आत सगळा निवडक माल. आयुष्यभर पोरांना कॉपी करताना पकडणारी बाई मी. पण तुम्ही देखण्या ढिगावर झडप घालाल आणि मग मी तुमची जिरवीन, असा माझा डाव होता.

तुम्ही तासभर दोन्ही ढिगांभोवती फिरलात. हात लावला नाहीत. मग मातीच्या ढिगापाशी उभं राहून म्हणालात, "ह्यो माझा."

"का?" मी जवळजवळ ओरडलेच.

"तुमी दुपारपास्नं त्या लाल ढिगाकडं शंभरदा बघितलं. ह्याच्याकडं बघायचं निस्तं टाळत व्हता."

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. तुम्ही मात्र वर काही बोलला नाहीत. संध्याकाळी मी बसला निघाले तेव्हा तुमच्या ढिगातल्या निवडक कांद्याचं एक पोतं तुम्ही फाट्यावर आणून ठेवलंत आणि म्हणालात, "बाईनं दिसभर उन्हात काम केलं. त्याची मजुरी." पोतं नाकारायची माझी ताकद नव्हती, उचलायची तर नव्हतीच. कंडक्टरनं ते वर चढवलं.

त्यानंतर कधी वाट्यावरून आपलं भांडण झालं नाही. ढीग मी करायचे, उचलायचे तुम्ही. पुढे पुढे तर गावातली मालक-वाटेकऱ्यांची भांडणं तुमच्याकडे यायला लागली. विहिरीच्या पाण्यावरून एक डाळिंबवाला मालक आणि त्याचा वाटेकरी हमरीतुमरीवर आले होते. मालक वीज असली की आपली मोटर लावायचा आणि वीज गेली की वाटेकऱ्याला म्हणायचा, तुझी पाळी. तुम्ही मालकाला सांगितलंत, विजेच्या तासांचे दोन वाटे कर, कुठला घ्यायचा ते हा ठरवील. मालक दोन दिवस विचार करत बसला आणि तिसऱ्या दिवशी त्यानं असे सारखे वाटे केले की मिनिटाचा फरक नव्हता. "मान्सं लई इमानदार अस्त्यात बाई," तुम्ही मला म्हणालात, "निस्तं त्यांना उचलू द्यायचं न्हाई."

तुम्ही साधू होतात असं मात्र मी लिहिणार नाही. मक्याचा वाटा एका वर्षी चांगलाच कमी आला, तेव्हा तुम्ही सगळं बिबट्यावर ढकललंत.

"आप्पा, बिबट्या मका खातो?"

"खात न्हाई बाई. लोळतो."

पुढच्या वर्षी कोथिंबीर कमी आली, तिथेही बिबट्या लोळला होता. मी म्हणाले, ह्या बिबट्याला एकदा दौंडला घेऊन या, गादी देते. तुम्ही गंभीरपणे म्हणालात, "त्याला यष्टी लागती." बस लागून उलट्या होणारा बिबट्या आठवून मी अजूनही हसते. काल स्वयंपाकघरात एकटीच हसले आणि मग भाजी करपेपर्यंत रडले.

आता त्या दिवसाबद्दल बोलायला हवं. मी तो इतका वेळ टाळतेय, हे तुम्ही माझ्या नजरेवरून केव्हाच ओळखलं असतं.

पहिलं वर्ष संपत आलं तेव्हा सुदामदादा मला म्हणाला, "शालन, मानूस सलग शेतात राह्यला तर कुळ लागंल. मंग तुझ्या बापाची जमीन गेली म्हनून समज. दर साली एक दिस तरी भाईर काढ." आमच्या सगळ्या जमीनवाल्यांच्या पोटात ही एकच भीती असते. कसणाऱ्याचं नाव कागदावर चढलं की तो कुळ ठरतो आणि जमिनीवर हक्क सांगतो. कायदा नक्की काय म्हणतो ते दादालाही ठाऊक नव्हतं आणि मलाही. मी विचारायलाही गेले नाही. भीती सोयीची असली की माणूस तिची शहानिशा करत नाही, हे मला साठी उलटल्यावर कळतंय.

तर ठरलं ते असं. दर वर्षी पाडव्याच्या आदल्या दिवशी, अमावास्येला, तुम्ही शेत खाली करायचं. बाज, चूल, भांडी, अंथरूण सगळं घेऊन बांधापलीकडे ओढ्याकाठच्या मोकळ्या जागेत जायचं. मी आणि साक्षीदार म्हणून सुदामदादा, दोघांनी रिकामं शेत डोळ्यांनी पाहायचं. दुसऱ्या दिवशी पाडव्याला तुम्ही नव्यानं आत यायचं. म्हणजे जुना वाटेकरी गेला आणि नवा आला. दोघांचं नाव धुळाआप्पा, हा योगायोग.

मी हे तुम्हाला सांगितलं तेव्हा माझी मान खाली होती. तुम्ही म्हणालात, "माझा बाप सात म्हैने मेंढरांमागं उघड्यावर हिंडायचा. आमाला एक दिस काय जड हाय?" आणि बाज डोक्यावर घेऊन निघालात. ठकूवहिनी मागून तवा घेऊन. बांधापलीकडे बाज टाकलीत, शेताकडे तोंड करून बसलात आणि दादाला हाक मारलीत, "सुदामराव, नीट मोजा. कुठं माझा पाय-बिय ऱ्हायला न्हाई ना?"

शेळ्या मात्र आतच होत्या. दादा म्हणाला, त्यांनाही काढ. तुम्ही म्हणालात, "शेळ्यांना कवा कुळ लागलंय व्हय?" दादानं त्यावर खरंच विचार केला. मग म्हणाला, राहू द्या.

अठरा वेळा हे झालं, आप्पा. तुम्ही त्याची जत्रा करून टाकली होती. शेजारपाजारचे लोक मुद्दाम त्या दिवशी तिकडे चहाला यायचे. कुणी विचारलं, आज इकडं कसं, तर तुम्ही सांगायचात, "बदली झाली. उद्या पुन्यांदा जुन्या जागी हजर." आणि मी परत निघाले की बांधावरून हात लांब करून कडुलिंबाचा डहाळा द्यायचात. "उद्या गुढीला लागंल." माझ्या दौंडच्या गॅलरीतल्या गुढीला दर वर्षी तोच डहाळा असायचा. ज्या माणसाला मी आदल्या दिवशी घराबाहेर काढलं त्यानं दिलेला. मी तो बांधायचे, वर हळदकुंकू वाहायचे आणि श्रीखंड खायचे.

एका वर्षी त्या दिवशी गारा पडल्या. ठकूवहिनींच्या अंगात ताप होता. मी म्हणाले, ह्या वेळी राहू द्या. दादा म्हणाला, आज सोडलंस तर आजवरचं सगळं वाया जाईल. मी दादाकडे पाहिलं, तुमच्याकडे पाहिलं, आणि काहीच बोलले नाही. तुम्ही खताच्या रिकाम्या पिशव्या शिवून केलेली ताडपत्री वहिनींच्या डोक्यावर धरून उभे राहिलात आणि मी छत्रीत. त्या वर्षी तुम्ही हसवलं नाहीत. डहाळाही दिला नाहीत. दोन महिने तुमचा फोन नव्हता, आणि कांद्याचे ढीग करायला मी आले तेव्हा तुम्ही उचलताना नुसतं बोट दाखवलंत.

ढीग भरून झाल्यावर मात्र बोललात. "बाई, कांद्याचं आपलं जमलं. वाटे तुमचे, उचलनं माझं. पर कागदाचं काय? वाटे बी तुमीच करता आन् उचलता बी तुमीच."

मी हातांची माती झटकत राहिले.

"मालकी तुमची हाय. मला एक वावर नगं. निस्तं येवढं लिवा की ही जमीन धुळा करतो, आन् माझ्या मागं ठकू करनार. मला पोरगा न्हाई. मी गेलो तर हिला बांधाच्या भाईर काढायला एक दिस बी लागनार न्हाई. आन् दुसऱ्या दिशी आत घ्यायला कोन येनार न्हाई."

मी म्हणाले, "बघू."

तुम्ही पोत्याचं तोंड बांधत होतात. वर न बघता म्हणालात, "तुमी गनिताच्या बाई. ह्या 'बघू'चं उत्तर किती येतं?"

त्यानंतर दर वर्षी तुम्ही एकदा विचारायचात, "बाई, उत्तर आलं का?" आणि मी म्हणायचे, चालू आहे, मोठं गणित आहे. आपण दोघंही हसायचो. तुम्ही हसत होतात म्हणून मला वाटायचं, घाई नाही. माझी सगळ्यांत मोठी चूक हीच. शेवटचा फोन आला तेव्हाही तुम्ही मोटरीबद्दल बोललात, कांदा यंदा टपोरा आहे म्हणालात आणि ठेवता ठेवता विचारलंत, "उत्तर?" मी भाजी चिरत होते. म्हणाले, "पाडव्याला बोलू." चार दिवसांनी तुम्ही सकाळचा चहा प्यायलात, बशी पालथी घातलीत, "जरा पडतो" म्हणालात आणि पडूनच राहिलात. पाडव्याला अजून तीन आठवडे होते.

म्हणून हे पत्र. आज अमावास्या झाली. उद्या पाडवा. आज काय घडलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला गुढी उभारता येणार नाही.

दहाव्यानंतर आठ दिवस मी घरात दोन कागद लिहीत होते. फाडत होते, पुन्हा लिहीत होते. आज सकाळी ते पर्समध्ये घातले, दौंडहून शिरूरची बस धरली, तिथून कवठ्याला आले. सुदामदादा पांढऱ्या कपड्यांत फाट्यावर हजर होता. इतक्या वर्षांची सवय, बोलावलंही नव्हतं. वाटेत म्हणाला, "आता बरंय. म्हातारा गेला, विषय मिटला." मी छत्री जरा जास्तच जोरात उघडली. तो बाजूला झाला.

शेताशी आलो आणि माझे पाय थांबले. छप्पर रिकामं होतं. आत फक्त शेळ्या. आणि बांधापलीकडे बाज टाकून, शेजारी चूल, तवा, अंथरुणाची वळकटी ठेवून, पांढऱ्या कपाळानं ठकूवहिनी एकट्या बसल्या होत्या. शेताकडे तोंड करून.

"वहिनी, हे काय?"

"आज आमुशा न्हाई का?" त्या म्हणाल्या. "त्यांनी सांगून ठिवलंय, बाईला आडचन करायची न्हाई. बाज जड व्हती, दोनदा खाली ठिवली."

आप्पा, मला तुमचा तेव्हा इतका राग आला. मरतानासुद्धा इतकं शहाण्यासारखं वागायची काय गरज होती? दोन शिव्या घातल्या असत्यात तर मला बरं वाटलं असतं. मी बांध ओलांडला. आजवर कधी ओलांडला नव्हता. बाजेचं एक टोक धरलं आणि दादाला म्हणाले, "दुसरं धर."

"कशाला?"

"आत न्यायचीय."

"आगं, आज न्हाई. उद्या. आज जर आत—"

"दादा, धर."

त्यानं धरली. त्याच्या पांढऱ्या शर्टाला चुलीची राख लागली, ते पाहून वहिनी तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा हसल्या असतील. मी सगळं सामान आत लावलं. तवा चुकीच्या खुंटीला टांगला, तो वहिनींनी काढून बरोबर खुंटीला टांगला. मग मी पर्समधून दोन्ही कागद काढले आणि बाजेवर शेजारी शेजारी ठेवले.

"वहिनी, वाटे मी केलेत. उचलायचा तुम्ही."

दोन्ही वाचून दाखवले. दोन्हींत वरच्या ओळी सारख्याच होत्या. ही जमीन धुळाआप्पांनी एकोणीस वर्षं केली, यापुढे ठकूबाई करतील, आणि त्यांना अमावास्येला किंवा कुठल्याही तिथीला कुणी बाहेर काढणार नाही. पुढे फरक होता. एकात मुदत तीन वर्षांची आणि वाटा पूर्वीसारखा निम्मा. दुसऱ्यात मुदत एकाच वर्षाची, पण पिकाचे दोन हिस्से त्यांचे आणि एक माझा. आठ दिवस घासूनपुसून मी ते इतके सारखे केले होते की मलाच निवडता आलं नसतं.

वहिनींना वाचता येत नाही. पण त्यांनी कागदांकडे पाहिलंही नाही. त्या माझ्या डोळ्यांकडे बघत बसल्या. कुणाची बायको ते कळलं. ह्या खेपेला मी दोन्हीकडे सारखंच बघत होते, आप्पा, येमाईची शपथ.

बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "शेळ्यांचं कशात हाय?"

शेळ्या कशातच नव्हत्या. एवढी मोठी चूक. मी दोन्ही कागदांवर "शेळ्यांसह" असं लिहिलं. मग त्यांनी तीन वर्षांच्या कागदावर बोट ठेवलं. "वाटा निम्माच बरा. त्यांनी ठरवलेला हाय."

मी तिथंच बसून त्याची दुसरी प्रत लिहिली. अंगठ्याला शाई नव्हती, तर वहिनींनी पातेल्याच्या बुडाची काजळी घेतली. माझी सही झाल्यावर मी पेन दादापुढे केलं. तो म्हणाला, "आधी वकिलाला दाखीव."

"वकिलाला दाखवणार आहे, तलाठ्यालाही दाखवणार आहे. पण अठरा वर्षं तू इथं साक्षीदार म्हणून येतोस, दादा. एकदा तरी कशाची तरी साक्ष दे."

त्यानं सही केली. नावापुढं "माजी चेअरमन" असंही लिहिलं. एक प्रत वहिनींनी पिठाच्या डब्यात ठेवली. दुसरी मी हातात घेतली, बांध ओलांडून पलीकडे गेले आणि सावलीत एका सपाट दगडावर बसले. वहिनी बांधापर्यंत आल्या. "बाई, आत या की."

"उद्या येईन. आज अमावास्या आहे. कुणीतरी बाहेर बसायला हवं ना? ह्या वर्षी माझी पाळी."

त्यांनी बांधावरून चहाची कपबशी पुढे केली. साखर भरपूर होती. मी म्हणाले, इथं सावली बरी आहे. त्या म्हणाल्या, "असंल की. ह्यो लिंब त्यांनीच लावला. पैल्या साली भाईर बसलो तवाच. म्हनले, दर साली यायचंच हाय तर सावली नगं का?"

मी वर पाहिलं. आप्पा, झाड दिसत होतं मला इतकी वर्षं. डहाळे कुठून येतात ते मात्र मी कधी विचारलं नाही. अठरा वर्षांत त्याचं खोड इतकं वाढलं होतं की कवेत घ्यायला माझे दोन्ही हात पुरले नसते. कुठल्याच कागदावर तुमचं नाव मी येऊ दिलं नाही, आणि तुम्ही मला पाडव्याला त्याच झाडाचे डहाळे देत राहिलात. मी कप खाली ठेवला, दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि मोठ्यानं रडले. दहाव्याला रडायचं राहिलं होतं ते. माफ करा, असंही म्हणाले. तिथं म्हणाले, इथं लिहितेही आहे. माफ करा, आप्पा. उत्तर आलं. उशिरा आलं, पण आलं.

डोळे पुसून पाहते तर तुमची ती कानफाटी शेळी बांध उतरून शेजारी उभी होती आणि मांडीवरचा कागद चघळत होती. "शेळ्यांसह" हा शब्द गेला होता, माझी सही गेली होती, आणि दादाचं चेअरमनपद अर्धं तोंडात होतं. मी ओढलं तर राहिलेलंही फाटलं. तिनं ते निवांत संपवलं.

कावळ्यावर मी आता रुसणार नाही. तुम्ही त्याच्या भरवशावर कधीच नव्हतात, तुम्ही शेळी पाठवलीत.

दादा धावत आला. "आगं, मालकाचाच कागद खाल्ला! आता कागद निस्ता त्यांच्याकडं ऱ्हायला. दुसरी प्रत करून घे, आत्ताच्या आत्ता."

मी वहिनींनी तोडून दिलेला डहाळा छत्रीत ठेवला आणि त्याला म्हणाले, "बघू."